रेषेखालची मुंगी

अक्कांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि पडद्यावर मुंगीचं डोकं बशीएवढं झालं तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्या जवळजवळ नाक टेकवून बघू लागल्या. मुंगीच्या गालावर खाच नव्हती.

खाच असायला हवी होती. लेखात तसं लिहिलंही होतं, अगदी नेमक्या शब्दांत: डोक्याच्या दोन्ही बाजूंना खोल खाच, भांडणात मिशा आत दडवता याव्यात म्हणून. दरोडे घालणाऱ्या मुंगीला ती लागतेच. ही जात दुसऱ्या जातीच्या घरात शिरते, तिथले कोष पळवून आणते, आणि त्या कोषांतून बाहेर पडणाऱ्या मुंग्या हेच आपलं घर समजून जन्मभर तिथे राबतात. त्यामुळे एका घरात दोन जाती नांदताना दिसतात. संग्रहालयातले लोक त्यांना मालकीण आणि दासी म्हणायचे. दोघी दिसायला इतक्या सारख्या की भलेभले फसतात. गालावरची खाच हीच काय ती खूण.

आणि लाल चिठ्ठी दासीला लागली होती.

नवी जात जाहीर करताना त्यातली एकच मुंगी निवडतात आणि तिला टोचलेल्या टाचणीला लाल चिठ्ठी लावतात. नाव त्या टाचणीला मिळतं. वर्णन कितीही बिनचूक असो, टाचणी चुकली की नाव गेलं. लेखिकेच्या हातून घाईत शेजारची टाचणी उचलली गेली होती, एवढंच. दासी ही तर शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेली, रोज पायाखाली येणारी मुंगी. म्हणजे हे नवं नाव छापल्याछापल्याच बाद. आज ना उद्या कोणीतरी ओळखणार, आणि मग जगभरचे मुंगीवाले हसणार की बाईंना मालकीण कोण आणि मोलकरीण कोण तेही कळलं नाही.

अक्कांनी चष्मा खाली घेतला. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

लेख छापण्याआधी परीक्षणासाठी त्यांच्याकडे आला होता. लेखिकेला परीक्षक कोण ते कळत नाही, परीक्षकाला मात्र लेखिका कळते. नव्या जातीच्या नावाच्या जागी नुसती फुली होती; छापून येईपर्यंत नाव झाकून ठेवायचं, कोणी पळवू नये म्हणून, असा या लोकांचा रिवाज. लेखिका दोन दारं सोडून पलीकडच्या खोलीत बसत होती.

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा कोटाचे दोन्ही खिसे सुपारीएवढ्या पोकळ फळांनी फुगले होते. या मुंग्या अशाच पोखरलेल्या फळांत घर करतात. अक्का म्हणाल्या, "ही कुठली खार आली?" तीही काही कमी नव्हती. "तुम्ही मला खार म्हणणार असाल तर मी तुम्हाला अक्का म्हणणार." तिचं ऐकून मग सगळा व्हरांडा अक्का म्हणू लागला, संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत. त्याआधी त्या मॅडम होत्या.

भिंग कसं धरायचं, टाचणी कशी टोचायची, कुठल्या झाडाखाली बसायचं, सगळं अक्कांनी शिकवलं. आणि त्यांचा नकाशा तर खारीला तोंडपाठ होता. त्या नकाशावर अक्कांनी एक रेषा ओढली होती. रेषेच्या वर, थंड रानांत, मालकीण सापडते. रेषेखाली दासी उदंड, मालकीण नाही. ही रेषा ओढण्यासाठी अक्कांनी उन्हाळेच्या उन्हाळे टेकड्यांवर उकिडवं बसून काढले होते. त्यांनी फोडलेली फळं पोत्यांनी मोजावी लागली असती. गुडघे गेले ते तिथेच.

आणि ही बया सुट्टीत त्याच टेकडीवर गेली, झाडाखाली बसून डबा खाल्ला, हातासरशी एक फळ फोडलं आणि आत मालकीण! तीही नवीच जात! नकाशावर अक्कांची रेषा होती तिच्या खाली, चांगली हातभर खाली.

त्या दिवशी अक्कांनी तिच्या पाठीवर थाप मारली, पेढे कधी म्हणून विचारलंही. मग आपल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि नुसत्या बसून राहिल्या.

"पोटात दुखतंय का?" घरी नवऱ्याने विचारलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि मान वर न करता बोलायचा.

"काही दुखत नाहीये."

"तुझ्याच हाताखालची ना ती? मग आनंद व्हायला पाहिजे."

"झालाय ना आनंद!" अक्का म्हणाल्या, आणि पातेल्यावर झाकण असं आदळलं की त्याच्या हातातला स्क्रू टेबलाखाली गेला.

"बराच झालेला दिसतोय," तो टेबलाखालून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी परीक्षण लिहिलं. एकच ओळ: लेख उत्तम आहे, कसलीही दुरुस्ती नको. कोणी विचारलंच तर म्हणता येईल, नजरेतून सुटलं. माणूस आहे, सुटतं. पाठवून झाल्यावर त्यांनी चहा मागवला आणि बिस्किटं खाल्ली.

मग वाट बघणं आलं. व्हरांड्यात खारीचं हसू ऐकू आलं की अक्कांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. संचालकांनी सभेत तिचं नाव घेतलं, तेव्हा टाळ्या वाजवताना अक्कांनी मनात म्हटलं, वाजवा, वाजवा, थोडेच दिवस आहेत. एकदा खार म्हणाली, "अक्का, तुम्ही हल्ली माझ्याशी किती गोड बोलता." त्यावर अक्कांना ठसका लागला.

एका दुपारी ती धावतच आत आली. हातात अंक.

"अक्का, आलं! डोळे मिटा आधी."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मिटा हो!"

अक्कांनी मिटले. टेबलावर अंक ठेवल्याचा आवाज झाला. उघडले तेव्हा लेखाचं पहिलं पान समोर होतं आणि फुलीच्या जागी नाव छापलेलं होतं. शास्त्रीय नावाला असते तशी शेपटी लावलेलं, पण लपणार कसं? अक्का.

"दरोडेखोर मुंगीला तुमचं नाव दिलं म्हणून रागावू नका हं," खार हसत होती. "मालकीण शोभता तुम्ही. आणि खरं सांगू? तुमची रेषा माझ्या हातून पुसली गेली ना, तेव्हापासून मला कसंतरीच होत होतं. झोप लागेना. मग म्हटलं, रेषेखाली जे काही असेल ते अक्कांच्याच नावाचं असू दे."

अक्का त्या नावाकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या नावाची एक मुंगी नव्हती, कधी कोणाला सुचलंच नव्हतं. आता होती. एका दासीच्या नावाखाली, बाद नावांच्या यादीत, बारीक अक्षरात, आणि एकदा छापलेलं नाव त्या यादीतून कोणी काढत नाही. दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा, त्यांच्या मनात आलं, आणि पुढचं त्यांनी मनातही पुरं केलं नाही.

"काहीतरी बोला ना!"

"खारे," अक्का म्हणाल्या. "ती टाचणी घेऊन ये. लाल चिठ्ठीची."

"आत्ता?"

"आत्ता. भिंगाखाली आडवी धर. गाल बघ."

नावासाठी म्हणाल्या की पोरीसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खार पेटी घेऊन आली, बडबडतच भिंगाशी बसली. मग बडबड थांबली. तिने टाचणी फिरवून दुसरा गाल बघितला.

"खाच नाहीये," ती म्हणाली. "अक्का, ही दासी आहे. मी शेजारची उचलली."

"होतं असं."

"छापून झालं हो!"

"दुरुस्तीची टीप लिहू. मीच लिहिते, माझ्या सहीने. हसायचं त्यांना मला हसू दे. खरी मालकीण आहे ना तुझ्याकडे? तिला दुसरं नाव दे, चांगलंसं. शोध तुझाच राहील." अक्का भराभर बोलत होत्या. इतकी माया त्यांना कित्येक महिन्यांत आली नव्हती, आणि ती खरी होती.

खारीने डोळे पुसले. मान हलवली. टेबलावरचा अंक उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. अंक पहिल्या पानावरच उघडा होता. फोटो शेवटी होते.

"तुम्ही तर पान उलटलंच नाही अजून," ती म्हणाली.

अक्कांनी खिशातून रुमाल काढला आणि भिंग पुसायला घेतलं. भिंग स्वच्छच होतं.

"दोन परीक्षक होते," खार हळूच म्हणाली. "एकाने पानभर चुका काढल्या. दुसऱ्याने एकच ओळ लिहिली होती. मला वाटलं, कोणीतरी मायेचं माणूस असेल."

अक्का भिंग पुसत राहिल्या.

खारीने टाचणी पेटीत खोचली, झाकण आवाज न करता लावलं आणि पेटी छातीशी धरून बाहेर गेली. अंक तिथेच राहिला.

व्हरांड्यात शिपायाचा आवाज आला, "काय हो, अक्का आहेत का आत?"

"मॅडम आहेत," खार म्हणाली.