आम्लाचे दहा थेंब

"काका, ह्या नमुन्याच्या बाटलीत आम्ल टाकलं होतं ना?"

मॉडेलवालीने अकरा वर्षांपूर्वीचा कागद पुढे सरकवला. जमिनीखालच्या पाण्याचं गणित ही मुलगी संगणकावर मांडते. कुठल्या खडकातून काय विरघळून कुठल्या हातपंपात येईल ते सांगते. काका पाण्याचे नमुने गोळा करणारे. उभ्या जन्मात दारूला शिवले नाहीत, तरी ऑफिसात नाव पडलं बाटलीकाका. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"लिहिलंय की. आम्ल, होय. सही माझीच आहे."

"लिहिलंय हो. पण बाकीचे एकोणसाठ हापसे गणितात बसतात, हा एकच बसत नाही. ह्या पाण्यात आर्सेनिक भरपूर हवं, आणि दिसतंय जवळजवळ शून्य. आम्ल नसलं की पाण्यातलं लोखंड गंजून तळाशी बसतं आणि जाताना विषही सोबत नेतं. लॅबवाले वरचं निवळ पाणी तपासतात. तळाशी तांबडा गाळ होता का?"

काकांनी कागदावरची तारीख पाहिली. हे सगळं त्यांना तिच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं.

"साहेब म्हणतात, तेवढा एक हापसा वगळ, गणित जुळतंय. वगळू का?"

हा हापसा त्या दिवशीचा शेवटचा, काकांच्या थोरल्या बहिणीच्या दारातला होता. तिथे जेवण ठरलेलं, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलेला. आम्लाची कुपी आधीच्याच हापशावर संपली होती. नवी आणायची तर जाऊन-येऊन दोन तास, आणि ताईने ताट वाढलं होतं. दहा थेंबांनी काय आभाळ कोसळतंय, असं म्हणत त्यांनी 'होय' लिहिलं आणि हात धुतले. त्या एका शब्दावर हापशाला 'पिण्यायोग्य' अशी पाटी लागली. पाटी लागल्यावर पुन्हा तपासायला कोण कशाला येतंय? "ताई, तुझं पाणी सगळ्यांत चांगलं," हे तिला त्यांनीच सांगितलं. मग पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही तिथेच पाणी भरू लागल्या. चार वर्षांपूर्वी दाजी मूत्राशयाच्या कर्करोगाने गेले. ताईच्या तळहातांवर टणक गाठी उठल्या. सगळे त्यांना कामाचे घट्टे म्हणत. काकाही तेच म्हणत. आता त्यांना स्वतःचीच किळस आली.

"वगळू नकोस," ते म्हणाले. "आम्ल नव्हतं. तसं लिही, मी सही करतो."

"चौकशी लागेल, काका."

"लागू दे."

सही करून ते तडक ताईकडे गेले. ती दारात भांडी घासत होती. काका पायरीवर बसले आणि काही हातचं न राखता त्यांनी सगळं सांगून टाकलं. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला.

"म्हणजे हे गेले, ते ह्यानेच?"

"असेल. नक्की सांगता येत नाही. तुझे हात मात्र ह्यानेच."

ताईने ओल्या हातांकडे पाहिलं. "मीच घाई केली होती त्या दिवशी. जेवण गार होतंय म्हणाले मी."

"तुझा काय दोष त्यात?"

"दोष तुझाच आहे," ताई म्हणाली. "मला आपलं आठवलं."

ती उठली. कपडे वाळत घालायची दोरी सोडून तिने हापशाच्या दांड्याला गुंडाळली. चार वाजत आले होते, बायका पाण्याला यायची वेळ. तिने दोनदा गाठ मारून पाहिली, पण बोटं वळेनात. मग काकांकडे न बघताच तिने दोरीची टोकं पुढे केली.

"घट्ट बांध."

काका बांधू लागले. समोरच्या घरची सून दोन बादल्या घेऊन आली आणि थबकली.

"काय झालं, मावशी? बिघडला का?"

"सांग तिला," ताई भावाला म्हणाली.

बादल्या धरलेल्या तिच्या हातांकडे बघायचं टाळून काका बोलायला लागले.