तळ्याऐवजी टाकी

थोआचं नवं पक्कं घर स्लॅबपर्यंत आलं, तेव्हा गवंड्याने तिच्या मुलाला, खांगला, बजावलं, "सेप्टिक टँकचं आता ठरवा." म्हणून मायलेक स्कूटरवरून कालव्याकाठच्या दुकानात गेले.

दुकानाबाहेर सिमेंटच्या रिंगा रचल्या होत्या, शेजारी प्लॅस्टिकच्या टाक्या आडव्या पडल्या होत्या. खांग टाक्यांवर टकटक करून बघू लागला. थोआ मागेच उभी. साठी उलटली होती तिची. आजवर घरचा संडास म्हणजे मागच्या तळ्यावर चार फळ्या, कमरेइतका झावळ्यांचा आडोसा आणि खाली वाट बघत असलेले मासे. यातही काही निवडायचं असतं, हेच तिला नवं होतं.

दुकानाची मालकीण मुओय तिच्याच वयाची निघाली. "ताई, घरी माणसं किती?"

"आई, मी आणि माझी बायको, तिघं," खांग म्हणाला.

"बारा," थोआ म्हणाली. "टेटच्या सणाला मुली येतात सायगॉनहून. जावई, पोरंबाळं..."

"आई, वर्षातले पाच दिवस!"

"त्या पाच दिवसांतच तर सगळे तडस लागेस्तोवर खातात."

मुओय खळखळून हसली. "आतापर्यंत तळंच ना, ताई?"

"मग काय! मी सासरी आले तेव्हा पलीकडच्या तळ्यावर शेजारची हुए बसायची. डोकं तेवढं दिसायचं. कुणाचं लग्न ठरलं, कोण रुसून माहेरी गेली, सगळं मला तिथेच कळायचं."

"माझी सासू तर तिथूनच हाका मारून भाजीवालीची होडी थांबवायची!"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. खांगचे कान लाल झाले. "मावशी, टाकीचं बोला ना."

"बोलते की. रिंगा स्वस्त पडतील, पण तुमच्याकडे दोन हात खणलं की पाणी. सांध्यांतून घाण झिरपत राहणार. त्यापेक्षा ही तीन कप्प्यांची प्लॅस्टिकची टाकी घ्या."

"पुरात तरंगली तर?" थोआने विचारलं. "आमच्या वस्तीत एकाची भर अंगणात वर आली होती."

"रिकामीच पुरली असेल. खाली कोबा करा, पट्ट्यांनी आवळा आणि माती लोटताना आत पाणी भरत जा. जागची हलायची नाही."

थोआने त्यातली सगळ्यात मोठी निवडली.

टाकी बसली त्या आठवड्यात तो तळ्यावरच्या फळ्या उचकटायला गेला. फळ्या कुजल्या होत्या, पण बाजूचा एक दांडा काही केल्या निघेना. "आई, हा एवढा खोल कुणी ठोकलाय? आणि कशाला?"

थोआ काठावर आली. "तुझ्या बाबांनी. तू पोटात होतास, पावसात फळी निसरडी व्हायची. मला धरायला म्हणून. पुढे दर दोन वर्षांनी नवा ठोकायचे. मी म्हणायचे, आता कशाला? तर म्हणायचे, असू दे, तुझ्या हाताला सवय झालीय. हा शेवटचा. गेले त्याच्या आदल्या वर्षीचा."

खांगने दांड्यावरून हात फिरवला. धरायच्या जागी तो गुळगुळीत झाला होता. "राहू दे का मग?"

"नको. पोरं लोंबकळतील आणि पडतील तळ्यात."

दोघांनी मिळून ओढला तेव्हा तो चिखलासकट वर आला. थोआने तो पाण्यात धुतला, मांडीवर आडवा घेतला आणि काठावरच बसून नवऱ्याचं काय काय सांगू लागली. खांग उरलेल्या फळ्या तशाच सोडून तिच्याजवळ टेकला.