बिनगाठीची बाजू

परंदवडीतले ते दोन खोल्यांचे घर आता संग्रहालय झाले आहे. ज्यांनी घडवलेले कपडे परदेशात मिरवले जातात, त्या ज्योत्स्नाताईंचे बालपण इथे गेले. प्रवेश विनामूल्य असूनही मी दोनदा दारावरूनच परतलो होतो. आत जाऊन काय सांगायचे, ते ठरत नव्हते.

आईला जाऊन दोन वर्षे झाली. जन्मभर तिने आंबीत, आमच्या गावी, लोकांच्या गोधड्या शिवल्या. आमच्या घरी तिच्या हातची एकही उरली नाही. या घरची एक गोधडी आपण शिवली होती, असे ती एकदा बोलून गेली होती. ती अजून असेल का, एवढेच मला पाहायचे होते.

या रविवारी ताईंचे थोरले भाऊ, श्रीपतीआबा, दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"ये की आत. फुकाट हाय. तिकीट लावलं तर ज्योत्स्ना मलाच भाईर काढंल."

आतल्या खोलीत खाटेवर गोधडी अंथरलेली होती. शेजारी पाटी : 'आईने शिवलेली गोधडी.' मी वाकून पाहिले. माझी आई दोऱ्याला गाठ मारत नसे. गाठ निजलेल्या लेकराला टोचते, म्हणे. त्याऐवजी ती एकावर एक दोन टाके घेई. इथे मात्र ओळीओळीच्या टोकाला गाठी होत्या. मी वळलो.

"काय हुडकतूस?" आबांनी विचारले.



"गाठ नसलेला टाका," मी म्हणालो.

आबांनी खाट भिंतीपासून ओढली.

"ह्या अंगाला ये. आमची आई आन् एक गोधडीवाली बाई, दोघी समोरासमोर बसून शिवत आल्या, मधी भेटल्या. ती बाजू आमच्या आईची. ही लय मऊ. हितं निजायला आमची मारामारी व्हायची. ज्योत्स्ना तर चावायची."

मी हात ठेवला. एकही गाठ नव्हती. बोटांखाली फक्त ते जोडटाके लागत गेले, बारीक, एकामागून एक. माझ्या जन्माआधीच कुणाची तरी मुले माझ्या आईच्या काळजीवर निर्धास्त निजली होती.

"बाई आंबीची, एवढंच ठावं," आबा म्हणाले. "नाव कुणालाच आठवंना. मग पाटीवर एकट्या आईचंच लावलं."

"हिराबाई. माझी आई."

आबांनी खिशातले पेन काढून माझ्यापुढे धरले.

"मग लिव. अक्षर बरं काढ, साहेबलोक वाचत्यात."

मी पाटीवर आईचे नाव लिहिले. शाई वाळते न वाळते तोच लोणावळ्याला निघालेले एक कुटुंब आत आले. मी बाजूला सरकून त्यांना जागा दिली.

"ही हिराबाईंची बाजू," आबा त्यांना सांगू लागले. "हात लावून बघा. कुटंच टोचणार न्हाई."