फोटोताईने काचेबाहेरून काढलेलं लग्न

"आत मोजकीच माणसं सोडायची, बाई, आणि तीही फोटोवालीसकट. जे डोकं आत जाईल ते मोजायचं, असा हुकूम आहे," नोंदणी कार्यालयाच्या दारातला रखवालदार म्हणाला आणि त्याने फोटोताईच्या कपाळावर ताप मोजायचं यंत्र रोखलं.

फोटोताईला हसूच फुटलं. मास्कमध्ये खपून गेलं. इतकी वर्षं लग्नांत तिला कुणी माणसात धरलं नव्हतं. 'अहो, जरा बाजूला' हेच तिचं नाव! साथीने मोठमोठे हॉल ओस पाडले आणि फोटोताईला बढती मिळाली. ती चक्क माणूस झाली!

या चिमुकल्या लग्नांची तिला भारी गंमत वाटायची. गर्दीत कोण कुणाचं, देव जाणे. इथे मात्र मूठभर माणसं. कोण आलं यापेक्षा कुणाला गाळलं, हेच ती हुंगत बसायची. एका साखरपुड्याला तर सख्ख्या काकांना वगळून त्यांचा कुत्रा आणला होता!

आजही तिची नजर भिरभिरली आणि बाहेरच्या बाकावर अडकली. तिथे निळ्या कपड्यांत नटूनथटून एक बाई एकट्याच बसल्या होत्या.

"तुम्ही कुणाकडच्या हो?"

"नवरीची मावशी."

"मग बाहेर कशा?"

"एक जागा कमी पडली ना. मीच म्हटलं, फोटोवालीला न्या. मी काय, घरचीच. फोटो जन्मभर राहतात."

फोटोताईने हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. म्हणजे यांची जागा आपण खाल्ली!

"नवरीचा फार जीव असेल तुमच्यावर?"

"आई गेली तेव्हा रांगत होती गं. वेण्या मी घातल्या, दुखणी मी काढली. गणितही मीच शिकवलं, म्हणून तर नापास झाली!" मावशी हसल्या, पण डोळे दारावरच.

"उठा मावशी. आत जा."

"आणि फोटो?"

"ती खिडकी आहे की."

"काचेतून? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नाहीये. पळा आता, नाव पुकारतील!"

रखवालदाराने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "एक बाहेर, एक आत. मला काय, डोकं ते डोकं," म्हणत तो बाजूला झाला.

खिडकी रंगाने कायमची चिकटलेली. फोटोताईने रुमालाने काच पुसली, कॅमेरा टेकवला. तरी काचेत तिचं स्वतःचंच भूत उभं! शिवाय 'इकडे बघा, हसा' ओरडायची सोय नाही. आता सगळे ओंडक्यासारखे उभे राहणार, तिला वाटलं.

आत नवरी सही करायला वाकली होती. दार वाजलं म्हणून तिने मान वर केली. पेन तसंच टेबलावर पडलं आणि ती धावली.

"अंतर! अंतर ठेवा!" रखवालदार ओरडला. मग त्याला छताचा पंखा फारच बघण्यासारखा वाटू लागला.

मावशींची पाठ खिडकीकडे होती. चेहरा हवाच! एकदा टकटक केलं तर त्या वळतील, हे फोटोताईला पक्कं ठाऊक होतं. तिने काचेवर बोट उचललं. आणि खाली घेतलं.

फोटोत आली ती नुसती पाठ. नव्या निळ्या कापडावर घडीच्या रेषा अजून तशाच, आणि ते कापड मुठीत चुरगाळून धरणारी नवरीची बोटं.