मुडपलेली कड

मी एक सायकस बोलतेय, खजुरीसारखं दिसणारं काटेरी झाड. माझ्या सावलीत बसायला येऊ नका, ती पुरेशी पडतच नाही. माझं बी खाल तर मराल, आणि मिठी माराल तर रक्त पुसत घरी जाल. तीनशे वर्षांत मी जेमतेम माणसाच्या छातीएवढी झाले. घाई मला ठाऊक नाही, आणि माणसांना दुसरं काही ठाऊक नाही.

या उतारावर आम्ही चाळीसेक झाडं. बाकीची सगळी दुसऱ्याच जातीची, पण एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. फरक एवढाच, की त्यांच्या पातीची कड सपाट आणि माझी खालच्या बाजूला मुडपलेली, शिवून घेतलेल्या काठासारखी. डोळ्यांना ती दिसत नाही, अंगठ्याला कळते. माझ्या जातीतली मादी मी एकटीच उरलेय. नर दोन, पलीकडच्या डोंगरावर.

हे शोधून काढलं ताईने. झाडं ओळखणं हेच तिचं काम. तिचा धाकटा भाऊ इथला वनरक्षक, नराचे पराग आणून माझ्यावर झाडायचा तोच. ताईने माझ्या बुंध्याला जातीचं नाव कोरलेली पत्र्याची पाटी ठोकली तेव्हा दोघांचं चांगलंच वाजलं. दुर्मिळ झाडाला शौकीन लाखो मोजतात, पाटी म्हणजे चोराला आमंत्रण, असं त्याचं म्हणणं. पाटी नसेल तर पुढच्या माणसाला कळणार कसं, असं तिचं. ताई मोठी, त्यामुळे ताईचं चाललं. तिची पाठ वळताच भावाने पाटी उचकटली आणि माझ्या शेजारणीला ठोकली.

चोर भर दुपारी आले. तिघे होते, हातात पहारी. भाऊ आडवा गेला. पहिल्या फटक्यात त्याचा जबडा मोडला, दुसऱ्यात तो पडला, तरी ते मारतच राहिले. मग पाटी वाचून त्यांनी शेजारणीची मुळं तोडली. तिचा कडकड आवाज मला अजून ऐकू येतो.

पण तिघांतला एक माळी होता. त्याने तिच्या पातीवर अंगठा फिरवला, शिवी हासडली आणि एकेका झाडाची कड चाचपत माझ्यापर्यंत पोचला. माझी कड त्याला कळली. तो वाकला तोच भावाने सरपटत येऊन त्याचे पाय ओढले. माळी तोंडावर माझ्यात पडला आणि माझा काटा त्याच्या डोळ्यात घुसला. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाकीच्या दोघांनी किंचाळणाऱ्या माळ्याला गाडीत कोंबलं आणि ते शेजारणीला घेऊन पळाले.

आठवड्याने ताई आली. मागून भाऊ, जबडा तारांनी बांधलेला, काठीच्या आधाराने. तिने खड्डा पाहिला, चेपलेली पाटी पाहिली आणि ती खड्ड्याच्या काठावर बसली.

"मीच मारलं रे तिला," ती म्हणाली. "तू सांगत होतास, मी ऐकलं नाही."

भावाला बोलता येत नव्हतं. त्याने तिचा हात ओढला आणि तिचा अंगठा माझ्या पातीवर ठेवला. अंगठा घसरत कडेखाली गेला आणि तिथेच थांबला. ताई रडायची थांबली.

मग ती उठली, दगडाने पाटी ठोकून सरळ केली आणि माझ्याकडे न बघता तिसऱ्याच झाडाला लावली.

त्या झाडासमोर मला लाज वाटते; पुढचा घाव आता माझ्याऐवजी त्याच्यावर पडायचा. एका डोळ्याचा माळी अजून जिवंत आहे, आणि त्याचा अंगठा शाबूत आहे. म्हणून एवढंच मागते. कधी या उतारावर आलात आणि बोटाला मुडपलेली कड लागली, तर थांबू नका. ओळख न दाखवता पुढे जा.