सोमवार, सकाळी नऊपर्यंत

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात दागिने नाहीत, पत्रे नाहीत, मतपत्रिकाही नाहीत. अभियांत्रिकी विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, कॅल्क्युलस शिकवणाऱ्या सरांच्या खोलीबाहेर मी भिंतीला टांगलेली असते आणि पोरापोरींचे गृहपाठ गिळते. मित्रांनो, 'गिळते' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म एका चुकीतून झाला. सर तेव्हा तरुण होते. कोणीही त्यांना वाटेत गाठून हातात गृहपाठ द्यायचे आणि सर तो बगलेतल्या पुस्तकात खुपसायचे. एकदा एका मुलीचा गृहपाठ असाच कुठेतरी पडला. तिने बिचारीने तो पुन्हा लिहून दिला, पण सरांना आठवडाभर अन्न गोड लागले नाही. शेवटी ते कार्यशाळेतल्या सुतारकाकांकडे गेले आणि म्हणाले, "अशी पेटी करून द्या, की आत गेलेला कागद हरवणारच नाही."

सुतारकाकांनी मोडक्या बाकांच्या फळ्यांना रंधा मारला, समोर वीतभर फट पाडली आणि खाली कुलपाचे दार बसवले. सगळे झाल्यावर त्यांनी फटीच्या कडेवरून हळूच बोट फिरवले, कुठे कुसळ लागत नाही ना म्हणून. ते बोट मला अजून आठवते.

मग माझ्या तोंडावर नियमांचा कागद चिकटवला गेला. वरपासून खालपर्यंत सबंध कागद, आणि फटीपाशी ब्लेडने कापून वाट केलेली. गृहपाठ सोमवारी सकाळी नऊपर्यंत पेटीत पडला पाहिजे. नऊ वाजून एक मिनिट म्हणजे उशीर. नुसत्या उत्तराला गुण नाहीत, पायऱ्या दाखवाव्यात. आपसात चर्चा करायला हरकत नाही, मात्र लिहावे स्वतः, आणि ज्याच्याशी चर्चा केली त्याचे नाव कागदाच्या डोक्यावर घालावे. हातात दिलेला गृहपाठ घेतला जाणार नाही. तीन गृहपाठ चुकले तर अंतिम परीक्षेला बसता येणार नाही. सर हे सगळे स्वतःही पाळायचे. सोमवारी नऊच्या ठोक्याला कुलूप उघडायचे आणि एकेक कागद जपून उचलायचे. मुले त्यांना पाठीमागे 'घड्याळसर' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही असावे.

माझ्यासमोर मोठी खिडकी आहे आणि खाली एक लांब बाक. त्या बाकावर बसून मुले आकडेमोड करायची आणि मी अर्धवट झोपेत ऐकत राहायची. एक वक्ररेषा एका सरळ रेषेच्या जवळ जवळ जात राहते, पण तिला कधी शिवत नाही, असे काहीतरी कानावर पडे. रविवारी मजला सुना झाला, की तीच रेषा माझ्या स्वप्नात येई. पोटातल्या कागदांवरच्या सगळ्या रेषा सुटून खिडकीबाहेर निघत, कुठल्याशा टाकीत पाणी चढत राही, आणि ते किती वेगाने चढते आहे हे कोणीतरी शांतपणे मोजत असे. जाग येई तेव्हा ऊन माझ्या तोंडावर आलेले असे.

त्या उन्हानेच घात केला. म्हणजे, ऊन आणि शिपाईमामांचे गुडघे, दोघांनी मिळून. सुरुवातीला मामा दरवर्षी ओल्या फडक्याने जुना नियमांचा कागद खरवडून काढायचे, मला कोरडी करायचे आणि मग नवा चिकटवायचे. गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी तोडगा काढला. "खरवडायचं कशाला? तेच तर नियम आहेत," असे म्हणून ते जुन्यावरच नवा चिकटवू लागले. आठ वर्षांचे नियम एकावर एक बसले. त्यांचा चांगला जाडजूड पुठ्ठा झाला. पुढे उन्हाने आतली खळ सुकली आणि फटीच्या बरोबर खाली, लाकूड आणि पुठ्ठा यांच्यामध्ये एक पोकळी सुटली. दमट हवेत ती मिटे, कोरड्या हवेत उघडे. बाहेरून कोणाला कळायचे नाही. मला आपल्या गुदगुल्या होत, आणि खरे सांगते, मला त्यात काही वावगे वाटले नाही. त्या पोकळीत पहिला कागद कधी शिरला, ते सांगायला मला जड जाते. ते मी शेवटी सांगेन.

गेल्या वर्षीच्या वर्गात एक बाई होत्या. बाकीच्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, संसार असलेल्या, म्हणून सगळा वर्ग त्यांना वहिनी म्हणायचा. त्या पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होत्या. दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेषा गिरवून कंटाळल्या आणि इंजिनिअर व्हायचे मनात घेऊन आल्या. कचेरीने त्यांना एक वर्षाची रजा दिली होती. त्या वर्षात कॅल्क्युलस सुटला तर पुढचा प्रवेश पक्का, नाहीतर पुन्हा तेच टेबल, तीच पट्टी. दुसरी रजा मिळायची नव्हती.

वहिनींचे शिकवणे ऐकायला मला फार आवडे. बाकावरची मुले एखाद्या गोल घटाचे घनफळ काढताना अडली, की त्या म्हणायच्या, काकडीच्या चकत्या कर, आणखी पातळ कर, आता प्रत्येक चकतीचं माप घे आणि सगळ्या मांडत जा. मुले माना डोलवायची आणि भराभरा लिहायची. मुलांचे गृहपाठ चार-पाच कागदांचे, टाचलेले, ताठ. वहिनींचा मात्र एकच कागद असे. कचेरीची सवय. नकाशाच्या पातळ कागदावर मुंगीएवढे स्वच्छ अक्षर आणि चार नेमक्या घड्या.

मी छातीइतक्या उंचीवर आहे, त्यामुळे कागद तिरका खाली ढकलला जातो. ताठ गठ्ठा लाकडाच्या कडेवरून सरळ आत येतो आणि तळाशी धप्प करतो. वहिनींचा कागद कडेला टेकला, पुढून वाकला आणि अलगद पोकळीत उतरला. आवाज झाला नाही. त्या पाठमोऱ्या झाल्या आणि मला ओरडता आले नाही.

फळ्यावर त्यांच्या नावापुढे शून्य लागले. त्या सरांकडे गेल्या, सरांनी नियम दाखवला. दोन आठवड्यांनी पुन्हा तसेच झाले. तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, मी माझ्या हातानं टाकलाय. कच्चं काम घरी आहे, आणून दाखवते."

"कच्चं काम नंतरही करता येतं," सर म्हणाले. ते रागावलेले नव्हते, समजूत घालत होते. "पेटीतला कागद हरवत नाही, बाई. त्यासाठीच तर ती केली."

माझ्यावरचा तो विश्वास ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिसऱ्या वेळी वहिनींनी गृहपाठ सरांच्या हातात द्यायचा प्रयत्न केला. सरांनी मान हलवून माझ्याकडे बोट केले. वहिनींनी कागद फटीत घातला, बोटे थोडा वेळ तिथेच ठेवली आणि कागद पूर्ण आत गेल्याची खात्री करून घेतली. गेला होता, पण भलतीकडे. गुरुवारी परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागायची होती.

बुधवारी दुपारी सर गठ्ठा हातात घेऊन खोलीबाहेर आले. मामा बाकावर गुडघे चोळत बसले होते. सरांनी तीन गृहपाठ वेगळे काढून त्यांच्यापुढे धरले. तिन्हींच्या डोक्यावर एकच ओळ होती : पाचवा प्रश्न, वहिनींशी चर्चा.

"मामा, जिच्याकडून तिघं शिकले, तिचाच कागद नाही. असं कसं होईल?"

"विसरली असेल," मामा म्हणाले.

"एकदा विसरेल. तीनदा?"

सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि आपलेच नियम पहिल्यांदा वाचत असल्यासारखे वाचत राहिले. मग ते वर्गात जाऊन वहिनींकडून नकाशाचा एक कोरा पातळ कागद मागून घेऊन आले. त्याच्या चार घड्या घातल्या, फटीत सरकवला, खाली वाकून कुलूप उघडले. मी रिकामी होते.

सरांनी फटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवले, तेव्हा पुठ्ठा लाकडापासून सुटलेला लागला. मामा लंगडत जाऊन ओले फडके घेऊन आले. दोघांनी मिळून कडेपासून नियम सोलायला सुरुवात केली. आठ वर्षे एकदम सुटली आणि कागद खाली पडले. सरांचा कोरा एक, वहिनींचे तीन. आणि आणखी एक, पिवळा पडलेला.

तो सरांनी उचलला, डोक्यावरचे नाव वाचले आणि ते बाकावर बसले.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा होता. फारसा बोलायचा नाही, म्हणून वर्ग त्याला मौनी म्हणायचा. त्याचे दोन गृहपाठ खरोखरच चुकले होते. तिसरा मात्र त्याने दिला होता. सरांच्या दारात तो एवढेच म्हणाला होता, "दिला होता." दुसऱ्यांदा सांगायला तो थांबला नाही, आणि पुढच्या सत्रात कोणाला दिसला नाही. तोच पोकळीतला पहिला कागद.

"मी त्याच्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही," सर म्हणाले. मामांच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होते.

गुरुवारच्या यादीत वहिनींचे नाव होते. सरांनी वर्गासमोर त्यांची माफी मागितली तेव्हा वहिनी इतक्या अवघडल्या, की सर बसेपर्यंत त्याच उभ्या राहिल्या. परीक्षा त्या पास झाल्या. आता पुढच्या वर्गात आहेत, आणि माझ्यावरून जाताना फटीच्या कडेवरून बोट फिरवतात, सुतारकाकांसारखेच.

माझ्या तोंडावर आता एकच कागद असतो. त्यात शेवटी सरांच्या हस्ताक्षरात एक नियम वाढला आहे : पेटी रिकामी केल्यावर शिक्षकाने फटीच्या आतबाहेर हात फिरवून पाहावा. दर सोमवारी सर तो पाळतात. त्यांचा हात गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ फिरत राहतो.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा ओले फडके हवे असते, बाकी काही नको. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंवर तुम्ही फार विश्वास टाकता. टाका, पण अधूनमधून आमची डागडुजीही करा. आणि कोणी हळू आवाजात "दिला होता" म्हणाले, तर आधी वर पाहा.

सरांनी मौनीच्या जुन्या पत्त्यावर पत्र घातले आहे. उत्तर आलेले नाही. रविवारच्या झोपेत मला कधी कधी जिन्यावर त्याची पावले ऐकू येतात, जवळ जवळ येत राहतात आणि मला जाग येते. त्याचा पिवळा कागद सरांनी तपासून टेबलाच्या वरच्या खणात ठेवला आहे. दहापैकी नऊ गुण आहेत. एक पायरी गाळली म्हणून एक कापला आहे.