तळव्यावरच्या जागा

खानझोडेबाईंनी माझ्या डाव्या टाचेवर अंगठा रोवला आणि घरी माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेला. टाच तेव्हाच दुखायची थांबली.

मी अमरावतीत औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते. टाचा अशा ठणकायच्या की सकाळी पाय जमिनीला टेकवताना मी ओठ चावायची. गोळ्या, मलमं, मऊ चपला, सगळं करून झालं होतं. मग कुणीतरी खानझोडेबाईंचं नाव सांगितलं. त्या तळव्यावरच्या जागा दाबून दुखणं घालवतात. त्यांच्या भिंतीवर तळव्यांचं मोठं चित्र आहे. काळजाची जागा कुठली, मूत्रपिंडाची कुठली, ते त्यात रंगवलंय.

घरी आले तेव्हा विनायक डाव्या हातानं भात खात होते. उजवा मांडीवर नुसता पडला होता.

"बसल्या बसल्या गेला," ते म्हणाले. "तुझे पाय?"

"बरे आहेत."

"मग झालं."

पुढच्या खेपेला मी हे बाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"ते चित्र बाकीच्यांसाठी आहे, ताई. तुमच्या पायात तुमचं काहीच नाही. सगळी घरचीच माणसं आहेत."

"मग दाबू नका."

त्यांनी माझे पाय टॉवेलनं पुसून खाली ठेवले. रस्ता ओलांडायच्या आत दुखणं परतलं. दुकानाच्या मालकांनी सांगितलं, उभं राहता येत नसेल तर येऊ नका. मी स्वयंपाकघरात रांगत जायला लागले. विनायक बघत असायचे.

"एका हातानं जमतंय मला," ते म्हणाले. "जा तू."

मी गेले. बाईंनी या वेळी बोटांच्या खाली दाबलं. परत येताना कठडा न धरता जिना चढले. विनायकांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. माझ्या पायांकडे बोट दाखवून ते हसले.

त्यानंतर मी जायचं बंद केलं. परत ठणका लागला तो सोसला. मग एका सकाळी माझे पाय आपोआप शांत झाले, आणि शेजारच्या पलंगावरून उतरताना आमची मृण्मयी किंचाळली. ती दुसरीत आहे.

मी तिला उचलून बाईंकडे नेलं.

"हे माझ्या पायात परत घालता येईल?"

"ते मला येत नाही."

"हिच्या पायात कोण आहे?"

बाईंनी तिचा तळवा उजेडाकडे वळवला. "वडील आता फारसे उरले नाहीत," त्या म्हणाल्या. मग मृण्मयीला विचारलं, "कुठे दुखतंय, बाळा?"

तिनं तळव्याच्या मधोमध बोट ठेवलं. ती रडून रडून दमली होती. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"दाबा," मी म्हणाले.

बाईंनी अंगठा वाकवला. मृण्मयीचा श्वास मोकळा झाला. माझा हात तिच्या केसांवर होता, पण केस हाताला लागत नव्हते.

"बरं वाटतंय?"

"हो."

"अजून दाबू?"

मृण्मयीनं मागे वळून बघितलं. तिची नजर माझ्यावर न थांबता दारापर्यंत गेली. मग तिनं दुसरा पाय पुढे केला.